चार तारा, आठ हजार

युकुलेली म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते एक इवलंसं, खेळण्यासारखं वाद्य. १८७९ मध्ये मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांत राबायला पोर्तुगीज मजूर हवाईला गेले. त्यांच्यासोबत गेलेल्या छोट्या तंतुवाद्यांतून हे जन्मलं. सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर ही त्यातली भावंडं. आकाराने सगळ्यात थोराड असलेलं बॅरिटोन मात्र बरंच उशिरा, १९४० च्या दशकाच्या अखेरीस आलं.

मला हवं होतं ते बॅरिटोनच. तेही माझ्यासाठी नाही, बाबांसाठी.

बाबा कॉलेजपासून गिटार वाजवायचे. गेली दोन वर्षं संधिवाताने बोटं आखडलीत, स्टीलच्या तारा दाबवत नाहीत. गिटार कपाटावर गेली. "बाबा, कीबोर्ड घेऊया का?" तर म्हणे, "अरे, आता या वयात पहिल्यापासून काय शिकायचं?" मुद्दा बरोबर होता.

बॅरिटोनची गंमत इथेच आहे. बाकीच्या भावंडांचं ट्यूनिंग असतं जी-सी-ई-ए. बॅरिटोनचं डी-जी-बी-ई, म्हणजे गिटारच्या बारीक बाजूच्या चार तारा जशाच्या तशा. आमच्या भाषेत सांगायचं तर पूर्णपणे बॅकवर्ड कंपॅटिबल! सी मेजरला दोन बोटं, जी मेजरला एक, ई मायनरलाही एकच. शिवाय तारेची लांबी १९-२० इंच, गिटारची साधारण २५. त्यामुळे फ्रेट जवळजवळ, बोटं कमी ताणायची. तारा नायलॉनच्या जातीच्या, दाबायला मऊ.

बजेट आठ हजार. घराचा हप्ता चालू असताना याहून जास्त जमणार नव्हतं. मग प्रश्न असा की कात्री कुठे लावायची?

लाकडावर लावली. सॉलिड टॉपचा आवाज जास्त खुलतो हे खरं, पण ते लाकूड हवेतल्या ओलाव्याला फार संवेदनशील. आपल्याकडे जूनमधली हवा वेगळी आणि एप्रिलमधली वेगळी. थरांचं, म्हणजे लॅमिनेटचं वाद्य यात जास्त टिकाव धरतं आणि स्वस्तही पडतं. ओळखायचं कसं? आवाजाच्या भोकाची कड नीट बघा. रेषा वरून आत सरळ उतरल्या तर सॉलिड, थर दिसले तर लॅमिनेट.

सुरावर मात्र कात्री नाही. दुकानात मोबाईलवर ट्यूनर उघडला आणि प्रत्येक तार आधी मोकळी, मग बाराव्या फ्रेटवर दाबून छेडली. बरोबर एक सप्तक वर यायला हवं. एका चकचकीत, नक्षीदार पीसवर दोन तारा चांगल्याच चढ्या बोलल्या. तो बाद. मग पहिला फ्रेट. नटवर तार उंच बसली असेल तर ती दाबताना जास्त ताणली जाते, सूर चढतो आणि बोटही दुखतं. स्वस्त वाद्यांत हा दोष हमखास, पण खाचा थोड्या घासून तो जातो.

शेवटी घेतलं ते साधं, तपकिरी, नक्षी नसलेलं. साडेसहा हजार. उरलेल्यातून एका कारागिराकडून नट घासून घेतला, नव्या तारा बसवल्या आणि एक जाड पिशवी घेतली. बाबांसारख्या बोटांसाठी खरी किंमत त्या घासलेल्या अर्ध्या मिलिमीटरची होती.

आता रोज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं वाजतं. एफ मेजर अजून अडतो, आणि ज्या दिवशी बोटं सुजलेली असतात त्या दिवशी काहीच वाजत नाही. "बेसच्या दोन तारा नाहीत रे," अशी तक्रारही असते. पण ती तक्रार वाजवणाऱ्याची आहे, त्यामुळे मला चालते.

असो. कमी पैशांत घेणार असाल तर दिसण्यावर आणि लाकडाच्या नावावर जाऊ नका. बारावा फ्रेट आणि पहिला फ्रेट तपासा, आणि कारागिरासाठी हजारभर रुपये बाजूला ठेवा.