वहीतली दुसरी ओळ

कर्ज काढून घेतलेल्या घरात आधी बदलते ती बोलायची रीत. पूर्वी 'जाऊ या का?' एवढाच प्रश्न असायचा. आता त्याच्या आधी 'कितीला पडेल?' येतो. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि सासूबाईंच्या एकादश्या असतात, आणि दर महिन्याच्या पाच तारखेभोवती लाल पेनाने काढलेलं एक गोल. एक तारखेला पगार जमा होतो, पाचला हप्ता वळता होतो. मधले दिवस खातं भरलेलं दिसतं, पण त्याला कुणी हात लावत नाही. पाच तारीख उलटली की आमचा महिना सुरू होतो. आमच्या धायरीत, सिंहगड रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या इमारतींत, अशी लाल गोलं किती घरांत असतील! संध्याकाळी गॅलऱ्यांमध्ये दिवे लागतात तेव्हा त्या प्रत्येक दिव्यामागे एक हप्ता आहे आणि एक जेवणारं, हसणारं, भांडणारं कुटुंबही आहे, हे मला फार जाणवतं.

गृहकर्जाचं गणित प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून पाहावं. ३० लाख रुपये, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. हप्ता येतो सुमारे २६ हजार रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० रुपये व्याजातच जातात आणि मुद्दल फिटते जेमतेम पावणेपाच हजार. एकही हप्ता न चुकवता भरत राहिलं, तरी निम्मी मुद्दल फिटायला तेरा वर्षांहून जास्त काळ लागतो. दर तोच राहिला तर २० वर्षांत बँकेला परत जातात एकूण साधारण साडेबासष्ट लाख. हे आकडे पाहिले की पोटात गोळा येतो आणि माणूस काटकसरीला लागतो. लागावंच. दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरला तर हेच कर्ज तीन वर्षांहून अधिक काळ आधी फिटतं. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना बजावलेलं आहे. तेव्हा हाती आलेले जास्तीचे पैसे मुद्दलीत टाकायला आडकाठी अशी काही नसते.

आडकाठी असते ती मनाची. दिवाळीचा बोनस आला की आमच्या घरात दोन मतं पडतात. नवरा म्हणतो, मुद्दलीत टाकू, पुढचं व्याज वाचेल. मी म्हणते, मुलांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. त्याचं बोलणं कंजूसपणाचं नसतं. मुलांच्या डोक्यावरचं छप्पर लवकर मोकळं व्हावं, ही त्याची माया असते. माझं बोलणंही उधळपट्टीचं नसतं. एकाच मायेतून निघालेल्या या दोन गोष्टी समोरासमोर येतात, म्हणून तो वाद अवघड जातो.

या वादात मला एक गोष्ट लख्ख कळली ती व्याजदर वाढले तेव्हा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. पुष्कळ घरांत हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत लांबली. आमच्याकडेही तसंच झालं. कर्जाची मुदत अशी एका पत्राने वाढते. लेकीचं आठवं वर्ष कुणाच्या पत्राने वाढत नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांत आज जेवढं बळ आहे, तेवढं कर्ज फिटेपर्यंत राहील अशी हमी कोण देणार? आणि २० वर्षांची मुदत म्हणजे जवळजवळ एका मुलाचं सबंध बालपण. सगळा आनंद कर्ज फिटल्यानंतरच्या दिवसांवर ढकलला, तर ते दिवस येतील तेव्हा मुलं शिकायला बाहेरगावी गेलेली असतील आणि मोकळ्या झालेल्या घरात आम्ही दोघंच उरू.

हा पेच आमच्याच पिढीला पडलाय असं नाही. सांगलीकडे माझ्या आजोबांच्या डोक्यावर विकास सोसायटीचं पीककर्ज कायमच असायचं. ऊस कारखान्याला जायचा आणि उसाच्या बिलातून सोसायटीची रक्कम परस्पर वळती व्हायची. हातात यायचं ते उरलंसुरलं. पण म्हणून आषाढातल्या बेंदराला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागला नाही, गळ्यात नवा गोंडा आला नाही किंवा त्यांना पुरणपोळीचा घास मिळाला नाही, असं कधी झालं नाही. पुरण थोडं असेल, त्यात गूळ बेताचा असेल, घरातल्या मोठ्यांच्या वाट्याला एकेकच पोळी येत असेल. 'ऋण काढून सण करू नये' हे आजी आम्हाला वारंवार बजावायची, आणि तिने तसा सण कधी केलाही नाही. पण ऋण आहे म्हणून सण बुडवायचा, हे तिच्या मनाला शिवलंही नाही. त्या बेतशुद्ध आनंदाची सवय मला तिच्याकडून लागली.

त्याच सवयीने आमच्याकडे पाडव्याचं श्रीखंड घरी होतं. आदल्या रात्री दही पंचात बांधून स्वयंपाकघरातल्या नळाला टांगायचं. रात्रभर खालच्या पातेल्यात थेंब पडत राहतात. सकाळी गाठ सोडली की पंचाच्या विणीचे ठसे उमटलेला पांढरा, घट्ट चक्का हाती येतो. मग पुरणयंत्र निघतं. ते घट्ट धरायचं काम मुलाचं, दांडा फिरवायचं काम लेकीचं आणि साखर किती घालायची हे ठरवायचं काम सासूबाईंचं. चाळणीच्या भोकांमधून चक्का-साखरेच्या मऊ शेवया खाली उतरायला लागतात. कोमट दुधात भिजवलेलं केशर त्यांच्यावर ओतलं की पिवळसर रेघा उमटतात, आणि त्या पाहायला तिन्ही डोकी पातेल्यावर वाकतात. पंचातून निथळलेल्या पाण्यात कणीक भिजते. काही वाया जात नाही. डबा विकत आणला असता तर पाच मिनिटांत ताटात वाढून झालं असतं, पण ही सकाळ त्या डब्याबरोबर आली नसती.

समुद्र लांबचा होता, म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही आधी वाईला गेलो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळे सासूबाईंना तिकीट नाही, मला आणि लेकीला अर्धं, मुलाचंही वयाने अर्धं. पूर्ण तिकीट तेवढं नवऱ्याचं. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. खंबाटकीचा घाट चढताना दोन्ही मुलं खिडकीला चिकटलेली. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचं दर्शन झालं, मग मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहिला आणि त्यामागच्या घाटावरची ती प्रचंड घंटा. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली ती पोर्तुगिजांची घंटा पाहून मुलगा विचारत राहिला, "एवढी जड घंटा आणली कशी?" बैलगाड्या, घाट, नद्या असं काय काय बापलेक तिथेच पायरीवर बसून रचत राहिले. सासूबाई नदीत पाय सोडून बसल्या होत्या. त्या दिवशी व्याजाचा विषय कुणाच्या तोंडी आला नाही.

सगळीच कर्जं सारखी नसतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढत असेल, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास, तर आधी ती मिटवावी. तोवर सहल पर्वतीपर्यंतच असावी आणि वाढदिवसाला घरचा शिरा असावा. त्यात कमीपणा नाही. मुलांना ते सांगावंही. घरावर कर्ज आहे हे त्यांच्यापासून लपवलं की त्यांना त्याची लाज वाटायला लागते, आणि समोर बसवून हिशेब दाखवला की त्यांना आपला वाटा उचलावासा वाटतो. काटकसर कुठे थांबवायची याचाही एक साधा नियम मी धरला आहे. मोठ्यांच्या हौसेला खुशाल कात्री लागावी. पण पोराच्या अभ्यासाचा दिवा, म्हाताऱ्या माणसाचं औषध आणि दारी आलेल्या पाहुण्याचा चहा यांतून पैसे वाचवायची वेळ आली, तर ते घर कर्जाने खाल्लं असं समजावं.

म्हणून आमच्या हिशेबाच्या वहीत दर महिन्याच्या पानावर पहिली ओळ हप्त्याची असते आणि तिच्या लगेच खाली दुसरी ओळ हौसेची. किराणा, वीज, शाळेची फी सगळं त्यानंतर. रक्कम लहान असते, कधी पाचशे, कधी हजार, पण ती महिन्याच्या सुरुवातीलाच बाजूला पडते. उरलं तर करू असं म्हटलं की कधीच काही उरत नाही, हे घर चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बोनसचीही आम्ही अशीच वाटणी ठरवली: मोठा भाग मुद्दलीत, छोटा भाग समुद्राला. नवऱ्याने ती मान्य केली ती माझ्या बोलण्याने नव्हे, मेणवलीच्या त्या पायरीवर लेकाला मांडीशी घेऊन बसल्याने. या वर्षी दापोलीला जायचं ठरलं आहे.

तुमच्या घरावरही कर्ज असेल, तर एक विनंती आहे. हप्ता चुकवू नका, जमेल तेव्हा जास्त भरा, हात आखडता घ्या. पण त्याच पानावर घरातल्या माणसांच्या नावाची एक ओळ लिहा, आणि बँकेचा हप्ता जितक्या निष्ठेने भरता, तितक्याच निष्ठेने तीही भरा.