किल्ल्यांच्या डब्यातलं लॉक

जुना लॅपटॉप दुरुस्तीला नेला की दुकानदार आधी लॅपटॉपकडे बघत नाही, आपल्याकडे बघतो. कांजूरमार्ग पूर्वेला झेरॉक्स, रिचार्ज, पॅनकार्ड आणि लॅपटॉप रिपेअर एकाच काउंटरवर उरकणारं एक दुकान आहे. तिथल्या मुलानेही तेच केलं. मग मामाचा थिंकपॅड दोन्ही हातांनी उचलून त्याने वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "ताई, ह्याच्यापेक्षा ह्याची बॅग चांगली आहे. बॅग ठेवा, हा देऊन टाका."

व्यवहार बघितला तर सल्ला चुकीचा नव्हता. आयबीएमने लॅपटॉपचा धंदा 2005 मध्ये लेनोव्होला विकला, त्याच्या आदल्या वर्षीचं हे मॉडेल. रॅम 256 एमबी; आजच्या फोनवर काढलेले पन्नासेक फोटो मावतील एवढीच. आत विंडोज एक्सपी. 25 ऑक्टोबर 2001 ला बाजारात आलेल्या या एक्सपीला 8 एप्रिल 2014 नंतर सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद झालं, तेव्हापासून त्याला वाली नाही. विंडोज 10 वरही 14 ऑक्टोबर 2025 ला तीच पाळी आली, त्यामुळे त्या काउंटरमागे आता बऱ्यापैकी धडधाकट यंत्रंही 'जुनी' म्हणून येऊन पडतात. त्यांच्यात आमचा थिंकपॅड म्हणजे खापरपणजोबाच.

शिवाय कांजूरला राहून वस्तू टाकून द्यायला लांब जावं लागत नाही. मुंबईचा बहुतेक कचरा खाडीकडच्या क्षेपणभूमीत इथेच येतो आणि वारा फिरला की खिडक्या लावूनही ते कळतं. ई-कचरा तिथे टाकायचा नसतो, त्याचे नियम वेगळे. 2022 चे ताजे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले आहेत. पण मामाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, सगळे माळे रिकामे व्हायला लागले, तेव्हा आवारात नियम कोणी वाचत नव्हतं. भंगारवाला वजनकाटा घेऊन जिन्यातच बसला होता.

लॅपटॉप वाचला तो मावसभावाच्या फोनमुळे. आमच्या आजोळचा कुलवृत्तान्त मामाने टाइप करून, पानं लावून छापायला दिला होता. आता दुसरी आवृत्ती काढायची होती. मधल्या काळात दोन पिढ्या वाढल्या, काही माणसं अमेरिकेला गेली, पुष्कळ नावांमागे 'कै.' लागलं. छापलेलं पुस्तक होतं, पण चारशे पानं पुन्हा टाइप कोण करणार? फाइल हवी होती, आणि फाइल या लॅपटॉपमध्ये होती.

मामा मूळचा टायपिस्ट. लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांचे भोंगे वाजत होते त्या काळातला. पलीकडच्याच स्टेशनवर विक्रोळीला गोदरेजचं साम्राज्य. 1955 मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला तो गोदरेजनेच, आणि 2009 मध्ये त्याचं उत्पादन थांबवलंही. मामा मराठी टायपिंगच्या परीक्षा त्याच यंत्रावर पास झाला. कंपनीने व्हीआरएस दिली तेव्हा मिळालेल्या पैशातून त्याने संगणक घेतला आणि घरातच डीटीपी सुरू केलं. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, निवडणुकीची हँडबिलं. स्मरणिकेच्या हंगामात मामाच्या घरी जेवायलाही जागा नसे. टेबलावर, पलंगावर, देवघराशेजारी सगळीकडे बटर पेपरवरच्या प्रिंट पसरलेल्या. थिंकपॅड त्याने सेकंडहँड घेतला तो मंडळाच्या कार्यालयात बसून पानं दाखवता यावीत म्हणून.

आता या सगळ्या मजकुराची गोम अशी की तो मराठी दिसत असला तरी संगणकाच्या लेखी मराठी नव्हता. जुने मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या घरांत बिऱ्हाड करून राहिले होते. घरं मोजून 256, आणि आपल्या लिपीचा पसारा केवढा! म्हणून अक्षरांचे तुकडे केलेले: अर्धा श एका घरात, काना दुसऱ्यात, रफार तिसऱ्यात. टाइप करणारा ते तुकडे शेजारी शेजारी ठेवी आणि डोळ्यांना सलग शब्द दिसे. फाँट काढून घेतला की खाली उरायची इंग्रजी अक्षरं, पौंडाची चिन्हं, कंस आणि तिरक्या रेघा. बरं, कोणता तुकडा कोणत्या घरात, हे ज्याचं त्याने ठरवलेलं. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक 1991 मध्ये आलं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली, तरी डीटीपीच्या टेबलांवर पुढे कितीतरी वर्षं पुण्यामुंबईच्या कंपन्यांचे आपापले फाँट आणि आपापली घरं चालू राहिली.

गंमत म्हणजे खरा मराठी फाँट त्याच लॅपटॉपमध्ये होता. मंगल. तो घडवला र. कृ. जोशींनी. जोशी कवी, सुलेखनकार, उल्का या जाहिरात संस्थेत नाव कमावलेले. पुढे पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवायला आले. त्या आयआयटीचं जवळचं स्टेशन म्हणजे आमचं कांजूरमार्ग. आयआयटीची मुलं आजही पश्चिमेला उतरून रिक्षांच्या रांगेत उभी राहतात आणि इथे काही बघण्यासारखं असेल अशी शंकाही मनात न आणता निघून जातात. जोशी 2008 मध्ये गेले. विंडोज 2000 पासून मंगल लाखो संगणकांवर पोचला. आज तो सरकारी पत्रांत इतका दिसतो की लोक त्याला कंटाळतात. हे मला अन्यायाचं वाटतं. जोडाक्षरं आपली आपण जुळवणारी देवनागरी साध्या माणसाच्या पडद्यावर पहिल्यांदा आली ती बहुतेकांसाठी त्याच फाँटातून.

मामाने मात्र त्याला कधी हात लावला नाही, आणि त्या वेळी त्याचं बरोबर होतं. एक्सपीत मंगल वापरायचा तर आधी सेटिंगमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांच्या (कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट) चौकटीत खूण करावी लागे, मग ते विंडोजची सीडी मागे. एवढं करूनही मामा ज्यात पानं लावायचा त्या पेजमेकरला त्यातलं काही कळत नसे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची. युनिकोड देवनागरी तिच्या गावीही नव्हती. मंडळाला स्मरणिका चतुर्थीच्या आधी हवी असते, अक्षरांचं भवितव्य वगैरे नंतर.

तर दुरुस्ती. मी त्या मुलाला सांगितलं, चालू करायच्या आधी हार्ड डिस्क बाहेर काढ आणि तिची जशीच्या तशी प्रत घे. वीस वर्षांची डिस्क पुन्हा फिरवायची म्हणजे ती किती वेळ साथ देईल याचा भरवसा नसतो. पहिल्या फेरीतच जे मिळेल ते उचलावं. डिस्क जुन्या आयडीई जातीची, 44 पिनांची. तिला यूएसबीला जोडणारं अडॅप्टर त्याच्याकडे नव्हतं. ते लॅमिंग्टन रोडला मिळालं. त्या रस्त्याचं नाव कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग झालं त्याला जमाना लोटला, तरी 1907 मध्ये परत गेलेल्या गव्हर्नरचंच नाव दुकानदारांच्या तोंडी आहे. जुन्या डीडीआर रॅमच्या पट्ट्याही तिथेच, काउंटरखालच्या खोक्यात निघाल्या.

मग मुलाला काम आवडायला लागलं. मिठागरांकडून येणाऱ्या दमट हवेने आत तांब्यावर हिरवट थर धरला होता, पंख्यात धुळीचा नमदा बसला होता. त्याने रॅमच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवला, बोर्ड ब्रशने आणि अल्कोहोलने पुसला, प्रोसेसरवरची वाळून कडक झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. फुगलेली बॅटरी वेगळी काढली. बोर्डावरचा छोटा गोल सेल बदलला, कारण तो संपला की यंत्राला तारीखच आठवत नाही.

इथे आमचा वाद झाला. त्याला आता त्यात लिनक्स टाकायचं होतं. "अँटीएक्स टाकतो ताई, पळेल बघा." पळालंही असतं. 32 बिटच्या जुन्या प्रोसेसरवर चालणारी लिनक्स अजून मिळतात, जरी ही दारं एकेक करून बंद होत आहेत. डेबियनने 2025 च्या तेराव्या आवृत्तीपासून असल्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. जुन्या लॅपटॉपला नवं आयुष्य देण्याचा हा मार्ग बहुतेक वेळा उत्तमच असतो. शाळकरी मुलाला टायपिंग शिकायला, आजोबांना गाणी ऐकायला यंत्र पुन्हा कामाचं होतं. पण आमच्या बाबतीत यंत्र जगलं असतं आणि ज्याच्यासाठी ते जगवायचं तोच मजकूर मुका राहिला असता. शेवटी लिनक्स दुसऱ्या डिस्कवर गेलं, आणि मूळ डिस्कवरचा एक्सपी तसाच ठेवला. वायफाय मात्र कायमचं बंद. वाली नसलेल्या यंत्राला इंटरनेटवर पाठवू नये.

एक्सपी उघडला, पेजमेकर उघडला, आणि मराठी सॉफ्टवेअरने मान हलवली. त्याला लॉक हवं होतं. चोरून प्रती काढू नयेत म्हणून त्या काळी असं सॉफ्टवेअर एका छोट्या ठोकळ्यासह मिळे. तो मागच्या पॅरलल पोर्टला खोचला तरच काम सुरू होई. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं, म्हणून तर या म्हाताऱ्याला उठवायचं होतं. मामाने घरभर शोधलं. मामी शांतपणे उठली आणि जुन्या किल्ल्यांचा डबा घेऊन आली. "तूच म्हणायचास ना, लॉक आहे, सांभाळून ठेव? मग कुठे ठेवणार?"

फाइल उघडली. मामा बराच वेळ नुसता पानं खाली सरकवत बसला, आणि मग पहिलं वाक्य बोलला ते असं: "अगं, दुसऱ्या पानावर वेलांटी चुकलीय."

मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये बदलणं हा वेगळा प्रपंच. जुन्या फाँटात पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली, युनिकोडला ती अक्षरानंतर हवी. रफार डोळ्यांना शेवटी दिसतो, उच्चारात आधी येतो. बदलणाऱ्या प्रोग्रॅमला हे नीट समजलं नाही की 'धर्म'चा 'धमर्' आणि 'वर्ष'चं 'वषर्' होतं. मराठी पीडीएफमधून मजकूर उचललेल्या प्रत्येकाने हे भूत पाहिलेलं आहे. आमच्या पूर्वजांपैकी निम्म्यांच्या नावात रफार. मामा आता रोज सकाळी चष्मा लावून मुद्रितं तपासतो, आणि एकेक माणूस दुरुस्त करतो.

बदलाला सगळ्यात जास्त मदत झाली ती मामाला फाँटचं नेमकं नाव पाठ होतं म्हणून. एकाच कंपनीच्या दोन फाँटांतही घरं सारखी असतीलच असं नाही, आणि नाव ठाऊक नसेल तर कोणतं कोष्टक लावायचं हेच कळत नाही. तुमच्याकडे माळ्यावर असा एखादा संगणक असेल, त्यात वडिलांचं आत्मचरित्र, मंडळाचा इतिहास किंवा कोणाच्या कविता असतील, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी हार्ड डिस्क काढून तिची प्रत करून घ्या. आणि मजकूर कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणत्या फाँटात बसवला होता, ते टाइप करणाऱ्या माणसाला आजच फोन करून विचारा.