आधी मूळ प्रत, मग सफाई

जुन्या कॅसेट आणि रेकॉर्ड संगणकात उतरवून देण्याचं काम मी भिवंडीत करतो. येणाऱ्या बहुतेकांचं मागणं एकच असतं: आवाज तेवढा स्वच्छ करून द्या. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहेच. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर २००० सालापासून लोकांच्या हातात आहे. खरखर काढणं, रेकॉर्डवरचे टकटक आवाज पुसणं ही कामं त्यात दोन-चार क्लिकमध्ये होतात. तरीही माझं ठाम मत आहे, की पहिली प्रत उतरवताना या सोयींना हात लावू नये. जसं वाजतं तसं आधी साठवावं आणि सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर.

कंपनीने छापलेल्या रेकॉर्डच्या बाबतीत हा आग्रह थोडा सैल सोडता येईल. तिच्या अनेक प्रती निघालेल्या असतात, एक बिघडली तर दुसरी एखाद्या संग्राहकाकडे सापडते. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने तर जुन्या तबकड्यांची माहिती चिकाटीने जमवली आहे. कॅसेटचं तसं नाही. फिलिप्सने ती १९६३ साली बाजारात आणली, आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ती घरोघरी पोचली, आणि ध्वनिमुद्रण करायला स्टुडिओ लागेनासा झाला. भिवंडीच्या घरांतून आजही निघणाऱ्या कॅसेटींवर आसपासच्या आगरी गावांतल्या लग्नांत धवलारिणींनी म्हटलेले धवले आहेत, मोहल्ल्यांतले मुशायरे आणि कव्वाल्या आहेत, भजनी मंडळांची जागरणं आहेत, पद्मशाली घरांतली तेलुगू गाणी आहेत. या आवाजांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. चुकून काही पुसलं गेलं, तर ते कायमचंच गेलं.

शिवाय या कॅसेटींवर यंत्रमाग आहेत. गाणं घरात चाललेलं आणि भिंतीपलीकडे कारखाना, असा हा गाव. खरखर काढणारं सॉफ्टवेअर कसं चालतं ते इथे पाहिलं पाहिजे. नुसता गोंगाट असलेला सेकंद-दोन सेकंदांचा तुकडा आपण त्याला नमुना म्हणून दाखवतो. ते आवाजाचे शेकडो बारीक पट्टे पाडतं आणि ज्या पट्ट्यातला आवाज नमुन्याच्या पातळीखाली असेल तो दाबून टाकतं. टेपची एकसारखी सूं सूं याने छान जाते. पण मागाचा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा आपटतो, आणि प्रत्येक आपटणं खर्जापासून थेट वरच्या पट्टीपर्यंत पसरलेलं असतं. तो नमुना दिला, तर मागाचा ठोका पुरता जात नाहीच, उलट ‘स’, ‘श’, ‘फ’ यांच्या कडा झिजतात आणि बाई पाण्याखालून गातेय असं वाटू लागतं. गायक थांबल्यावर तानपुरा एकटा वाजतो, तेवढाच तुकडा नमुना म्हणून दिला तर सॉफ्टवेअर तानपुऱ्यालाच गोंगाट समजतं. टकटक पुसणारी सोय ढोलकीची थाप आणि टाळांची कड यांच्याशी हेच करते. दोष सॉफ्टवेअरचा नाही. गाणं कुठलं आणि गोंगाट कुठला हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

कधी कधी ज्याला आपण कचरा म्हणतो तोच पुरावा असतो. कार्यक्रमातल्या अँप्लिफायरची गूं घ्या. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून ही गूं ५० आणि तिच्या पटीत, १००, १५० हर्ट्झवर दिसते. टेपरेकॉर्डर सेलवर चालत असेल आणि सेल उतरत आले असतील, तर मुद्रण होताना टेप मंद फिरलेली असते. आज नीट वेगात लावली की आवाज पातळ होऊन धावतो. आलेखात गूं ५२ हर्ट्झच्या आसपास दिसली, तर टेप सुमारे चार टक्के जलद चालली आहे असं धरता येतं. त्या काळी विजेची वारंवारताही बरीच हलायची, म्हणून एवढ्यावर विसंबता येत नाही. पण कव्वालीतल्या पेटीचा सूरही काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत असेल, तर दोन्ही साक्षी जुळतात आणि वेग दुरुस्त करता येतो. गूं आधीच पुसलेली असेल तर एक साक्षीदार गेला.

सॉफ्टवेअरच्या अलीकडचं काम तर याहून मोलाचं आहे. डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. त्याने हेडचा टेपशी असलेला कोन ठरतो. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचा कोन आपल्या डेकशी जुळेलच असं नाही. कॅसेट चालू ठेवून स्क्रू अगदी किंचित फिरवावा, कान शब्दांवर नव्हे, सूं सूंवर ठेवावा. ती जिथे सर्वांत तीक्ष्ण होते तिथे थांबावं. गाण्याचाही पडदा तिथेच उघडतो. खरखर ही इथे मोजपट्टी होते. दबक्या आवाजात उतरवलेली कॅसेट संगणकात कितीही उजळली, तरी स्क्रूने मिळतं ते मिळत नाही.

यावर जागेचा आक्षेप येतो. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झने तासाभराची कॅसेट सुमारे दोन जीबी घेते. ४८ ने निम्मी. फ्लॅक या फाइल-प्रकारात ती काहीही न गमावता आणखी आटते. फोनमधल्या लग्नाच्या व्हिडिओंपुढे हे काहीच नाही. दुसरा आक्षेप मला जास्त पटतो: घरच्यांना आजीचा आवाज ऐकायचा असतो, मागाचा नाही. बरोबरच आहे, त्यांना साफ केलेली प्रत द्यावीच, तीही मन लावून. मात्र दाबायचं ते थोडं. मी थोडी खरखर राहू देतो, कारण खरखरीतूनही माणसाचा कान शब्द वेचतो. झिजलेल्या शब्दापुढे त्याचं काही चालत नाही.

आता आवाज आणि वाद्यं वेगळी काढणारी नवी सॉफ्टवेअर आली आहेत, मग हा हट्ट कशाला, असंही विचारतात. त्यांचं काम खरोखर थक्क करणारं आहे. पण पूर्वी घासून एमपी३ करून ठेवलेला आवाज त्यांच्यापुढे ठेवला, तर गेलेलं परत येत नाही, अंदाजाने भरलेलं मिळतं. धवल्यात असे शब्द आहेत जे शहरातल्या तरुण आगरी मुलांनाही ओळखू येत नाहीत. तिथे सॉफ्टवेअरचा अंदाज चुकला तर तो पकडणार कोण? धवले म्हणणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. न पुसलेली प्रत आधी त्यांना ऐकवावी, एकेक शब्द त्यांच्याकडून कागदावर उतरवून घ्यावा, आणि मग सफाईला बसावं.