‘यू’ अक्षराखालचे उस्ताद

गाणी ऐकायला फोनऐवजी वेगळा प्लेअर खिशात घेऊन फिरणारे आम्ही लोक आता थोडेच उरलोय. एसटीत शेजारी बसलेला माणूस हातातली डबी बघून विचारतो, "हे अजून मिळतं?" मिळतं. आणि स्वस्तही नाही. ॲपलने २०२२ च्या मे महिन्यात आयपॉड बनवणं बंद केलं तेव्हा अनेकांना वाटलं, विषय संपला. आमच्या तक्रारी मात्र संपलेल्या नाहीत, आणि तक्रार करणारा माणूस अजून आशेवर आहे असंच समजायचं असतं.

माझी सगळ्यात जुनी तक्रार नावांची आहे. एमपीथ्री फाइलच्या पोटात गाण्याची माहिती ठेवायची जी पद्धत १९९६ मध्ये निघाली, तिला आयडीथ्री म्हणतात. फाइलच्या शेपटाला फक्त १२८ बाइटची जागा. त्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. संगीताचा प्रकार लिहायला एक आकडा, आणि तो ठरलेल्या ८० प्रकारांच्या यादीतूनच घ्यायचा. यादी ब्लूजपासून सुरू होते. तिच्यात गॉस्पेल आहे, पोल्का आहे. कव्वाली नाही, गझल नाही, ख्याल नाही, लावणी नाही, नात तर नाहीच. आपल्या सगळ्यांसाठी दोनच खोल्या रिकाम्या होत्या: ‘एथनिक’ आणि ‘अदर’. गुलाम अली, विठाबाई आणि मोहल्ल्यातला नातख्वाँ असे तिघे एकाच खोलीत!

पुढे जागा वाढली, पण कल्पना तीच राहिली. कलाकार, त्याचा अल्बम, त्यातलं गाणं. यादी लागते ती पहिल्या अक्षराने. त्यामुळे माझ्या पहिल्या प्लेअरमध्ये ‘यू’ अक्षराखाली सगळे उस्ताद बसलेले आणि ‘पी’खाली सगळे पंडित. असली वाटणी कुठल्याच मैफिलीत होत नाही. ‘यू’पर्यंत पोचायला बटण दाबून दाबून अंगठा दुखायचा. त्यातही अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव कुणी ‘उस्ताद’ लावून लिहिलेलं, कुणी ‘खान साहिब’ शेवटी लावून, कुणी करीममधली वेलांटी दोन ‘ई’ने, कुणी एका ‘आय’ने. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेबांची कबर एकच आहे. माझ्या प्लेअरमध्ये ते चार जण होते.

मग मी नावं देवनागरीत लिहिली. पडद्यावर ओळीने चौकोन आले. उर्दूत लिहिली, तर अक्षरं सुटी सुटी झाली आणि उलट्या बाजूने उभी राहिली. अम्मीने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "इसकू उर्दू किसने सिखाया रे? बुलाओ उसकू." खरं तर फाइलमध्ये कुठलीही लिपी साठवायची सोय १९९८ सालापासून होती. फाइल बरोबर होती, वाचणारा अडाणी होता. स्वस्त प्लेअर बनवणाऱ्याने इंग्रजीपुरता अक्षरसंच टाकला की त्याचं काम झालं. जो हा प्लेअर विकत घेणार, तो काय वाचतो, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आता लांबीचं बघा. १९९८ मध्ये अमेरिकेत रिओ नावाचा प्लेअर आला, ३२ एमबीचा. साध्या दर्जाची गाणी भरली तर अर्धा तास वाजायचा. तिकडच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने त्यावर खटला भरला. १९९९ मध्ये कोर्टाने सांगितलं की आपल्याकडची गाणी दुसऱ्या ठिकाणी ऐकता यावीत म्हणून त्यांची प्रत करणं हा माणसाचा खासगी वापर आहे. आम्हा सगळ्यांच्या खिशातल्या डब्या त्या निकालावर उभ्या आहेत, म्हणून त्याला सलाम. पण अर्ध्या तासात आमचा एक बडा ख्याल द्रुतापर्यंतसुद्धा पोचत नाही. २००१ मध्ये पहिला आयपॉड ५ जीबीचा आला, खिशात हजार गाणी अशी त्याची जाहिरात. हे गाणं म्हणजे चार मिनिटांचं गाणं. मी हिशोब केला: त्याच दर्जाचा पन्नास मिनिटांचा ख्याल ६० एमबी खातो, म्हणजे माझ्यासाठी ती हजार गाणी नव्हेत, ऐंशीएक ख्याल. तक्रार नाही, ऐंशी ख्याल पुष्कळ झाले. फक्त जाहिरात करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मी नव्हतो, एवढंच.

याहून जास्त छळलं ते दोन फाइलींच्या मधल्या खाचेने. सीडीवर विलंबित आणि द्रुत हे वेगवेगळे भाग म्हणून कापलेले असतात, पण वाजताना ते सलग. प्लेअरमध्ये एमपीथ्री करून टाकले की एक भाग संपल्यावर अर्धा सेकंद शांतता, मग पुढचा भाग. तानपुराही गप्प. कव्वालीत तर टाळी वर जायची आणि खाली यायच्या आत गायब व्हायची. कारण साधं आहे: एमपीथ्री आवाजाचे ठरावीक मापाचे तुकडे करते, शेवटचा तुकडा अपुरा पडला की तो शांततेने भरला जातो. ती भर काढून टाकायची युक्ती अवघड नव्हती, तरी आयपॉडला ती यायला २००६ उजाडलं. पॉप गाणी ऐकणाऱ्याला ही खाच जाणवत नाही, कारण त्याचं गाणं तसंही संपलेलंच असतं.

आणि मग शफल. आमच्या घरी प्लेअर एक आणि माणसं पाच. अब्बांची तिलावत, अम्मीच्या नाता, भाईजानची फिल्मी गाणी, बहिणीच्या गझला आणि माझे ख्याल, सगळं त्याच १ जीबीत. फजरनंतर अब्बांनी कानाला लावलं, कुणीतरी रात्री शफल चालू ठेवलेलं. सूरह संपली आणि श्वासही न घेता ढोलकी सुरू झाली. अब्बांनी लाहौल पढत हेडफोन काढले ते महिनाभर परत लावले नाहीत. आयट्यून्समध्ये एखादी फाइल शफलमधून वगळायची खूण करता यायची, पण त्यासाठी ते समजून घेणारा कुणी घरात हवा आणि मुळात घरात संगणक हवा. आमचा संगणक म्हणजे सायबर कॅफे, तासाला पंधरा रुपये.

इथंच सगळ्यांत मोठी गोम होती. ही यंत्रं एक माणूस, त्याचा एक संगणक आणि त्याने विकत घेतलेली गाणी एवढं गृहीत धरून बनली. आयपॉड दुसऱ्याच्या संगणकाला लावला की आयट्यून्स विचारायचं, आधीचं सगळं पुसून इथलं भरू का? आमच्याकडे प्लेअर मामूंकडे जायचा, तिथून खालेकडे, मग रिचार्जच्या दुकानात. ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असलेल्या त्या दुकानात कार्ड दिलं की पोरगा विचारायचा, "क्या भरू, नया, पुराना, कव्वाली?" त्या पोराने आमचा संगीतव्यवहार कुठल्याही कंपनीपेक्षा चांगला ओळखला होता. तो व्यवहार कायदेशीर नव्हता हे खरं. पण कायदेशीर मार्गाने जाणाऱ्यांचं काय झालं तेही बघा. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये कुलूपबंद गाण्यांची योजना आणली, नाव ‘प्लेज फॉर शुअर’, म्हणजे हमखास वाजणार. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच कंपनीचा झून प्लेअर आला, त्यावर ती गाणी वाजेनात. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये कुलूप नसलेली एमपीथ्री गाणी विकायला फ्लाइट नावाचं दुकान काढलं. चांगली गोष्ट होती. पुढच्याच वर्षी बंद झालं.

झूनची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. २००८ च्या ३१ डिसेंबरला ३० जीबीचे झून जगभर एकाच दिवशी गोठले. लीप वर्षाचा ३६६ वा दिवस त्यांच्या घड्याळाला मोजता येईना. उपाय काय, तर बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि उद्या दुपारनंतर चार्ज करा. नव्या वर्षाच्या आदल्या रात्री लोक आपल्या प्लेअरची बॅटरी मरायची वाट बघत बसले.

आमच्याकडे बॅटरी मेली तेव्हा हसू आलं नाही. २००७ मध्ये खालेच्या मुलीच्या लग्नात रतजगा होता. गुलगुले तळणं चाललेलं, मध्ये ढोलक, आणि नानी गात होती. ही दख्खनी गाणी कुठं लिहिलेली नव्हती. नानीला ती तिच्या आईकडून आलेली. माझ्या प्लेअरला आवाज टिपायची सोय होती. तो पानदानाला टेकवून ठेवला आणि विसरून जेवायला गेलो. एक्केचाळीस मिनिटं भरली. ती प्लेअरच्या आतल्या मेमरीत होती. कार्डावर जायचा मार्ग त्या प्लेअरने ठेवला नव्हता आणि कॅफेतल्या संगणकाला लावलं की फायलींऐवजी व्हायरस हलायचे. दोन वर्षांनी नानी गेली. त्याच पावसाळ्यात प्लेअरची बॅटरी फुगली, चार्जरला लावूनही पडदा उजळेना.

कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलाने डबी फिरवून बघितली, कुठंच स्क्रू नाही. म्हणाला, "सर, याची बॅटरी बदलत नाही. हा द्या, नव्यावर सूट मिळेल." आतल्या आवाजाचं विचारलं तर म्हणाला, "डेटाची जबाबदारी कंपनी घेत नाही." त्याचा दोष नव्हता, त्याला तेवढंच बोलायला शिकवलं होतं. ही नुसती आमची रड नव्हती. २००३ मध्येच अमेरिकेत दोन भावांनी आयपॉडच्या न बदलणाऱ्या बॅटरीवर छोटी फिल्म काढून बोंब ठोकली होती, आणि २००५ मध्ये ॲपलला ग्राहकांच्या दाव्यात तडजोड करावी लागली. दाराला कुलूप लावून किल्ली फेकून द्यायची आणि त्याला सुबक बांधणी म्हणायचं, ही रीत तेव्हापासूनची.

शेवटी मिरजेत मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने गरम हवेने डबीची कड सैल केली, ब्लेडने उघडली, फुगलेली बॅटरी चिमट्याने बाजूला ठेवली. चायना फोनची एक बॅटरी काढली. दोन्हींवर ३.७ व्होल्ट लिहिलेलं. तारा बाहेर काढून सोल्डर मारला, वर चिकटपट्टी. पडदा उजळला. फाइल त्याच्याच संगणकावर उतरवली आणि बरोबर आलीय का बघायला त्याने स्पीकर लावला. दोन गाणी होईपर्यंत कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "हमारे घर में भी येइच गाते." दीडशे रुपये घेतले.

घरी आल्यावर फाइलला नावं द्यायला बसलो. कलाकार? सुरुवात नानी करते, पण उचलतात सातआठ जणी, आणि मधल्या दोन ओळी कुणाच्या ते अम्मीलाही ओळखता येईना. अल्बम? प्रकार? ‘अदर’. कलाकाराची जागा मी रिकामी सोडली. प्लेअर तिला ‘अननोन आर्टिस्ट’ म्हणतो. रोज वाचतो आणि रोज खटकतं, पण त्या जागी नानीचं एकटीचं नाव लिहिलं तर नानीलाच आवडणार नाही.

आता आशेचं. २००१ च्या शेवटी स्वीडनमधल्या काही प्रोग्रॅमरांना त्यांच्या आर्कोस प्लेअरचं सॉफ्टवेअर इतकं रद्दी वाटलं की त्यांनी स्वतःचं लिहायला घेतलं. त्याचं नाव रॉकबॉक्स. फुकट, उघडं, कुणीही बदलावं असं. पुढे ते कितीतरी जुन्या प्लेअरांवर चालायला लागलं. ते फोल्डर जसे ठेवाल तसे दाखवतं, मधली खाच भरतं आणि उर्दू उजवीकडून, अक्षरं जोडून लिहितं. अम्मीने शिक्षक पसंत केला. माझ्या प्लेअरवर देवनागरी जोडाक्षरं अजून मोडून दिसतात, ‘ख्याल’चा ‘ख’ वेगळा पडतो, पण ते काम पगार न घेणारी माणसं करतात, त्यांना घाई कशी करणार. जुन्या आयपॉडची हार्ड डिस्क काढून तिथं मेमरी कार्ड बसवणारे हौशी लोक आहेत. २०१७ मध्ये सारेगामाने पाच हजार गाणी भरलेला कारवाँ काढला, तो घरोघरी गेला. आपली गाणी वाजवायला त्याला पेनड्राइव्हची जागाही आहे. बटण दाबलं की वाजावं, एवढंच मागणारे लोक वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत.

भाचा म्हणतो, मामू, फोनवर सगळं आहे. आहे खरं. पण २०२३ च्या मार्चमध्ये स्पॉटिफायवरून झी म्युझिकची गाणी एकदम गेली, कारण दोन कंपन्यांचा करार संपला. नंतर ती परत आली. ऐकणाऱ्याला दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. आणि नानी तर कुठल्याच ॲपवर नाही.

सध्या मामूंच्या कॅसेटी उतरवून घेतोय. मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेबांच्या नावाने जी संगीत सभा भरते, तिथं मामू वर्षानुवर्षं टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले. आता त्या १२८ जीबीच्या कार्डावर जातायत, फोल्डर सालाप्रमाणे, त्याखाली रात्रीच्या क्रमाने. नव्वद मिनिटांची कॅसेट पंचेचाळीसाव्या मिनिटाला संपते, कट्‌ असा आवाज होतो आणि मामू ती उलटीपर्यंत गाणारा पुढे गेलेला असतो. ही खाच मात्र कुठल्याच प्लेअरला भरता येत नाही. मामू म्हणतात, ठेव तशीच, तेवढ्यात मी चहा सांगितला होता.