माजी

मराठीत 'माजी' हा मोठा मानाचा शब्द आहे. माजी आमदार, माजी सरपंच, माजी मुख्याध्यापक. त्यात 'माजी सैनिक' म्हटलं की लोक उठून खुर्ची देतात. फौजेत पंधरा वर्षं झाली की जवानाला पेन्शन लागते. जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय असतं, कॅन्टीनचं कार्ड असतं, सरकारी भरतीत जागा राखीव असतात. वर्दी उतरली तरी मान राहतो, आणि तो राहायलाच हवा.

नाचणाऱ्या बाईला मात्र 'माजी' कोणी म्हणत नाही. नाच सोडून वीस वर्षं झाली तरी लोकांच्या तोंडी ती 'नाचणारी'च असते.

आमच्या मोहल्ल्यात गेल्या वर्षी एक निकाह झाला, तेव्हापासून हा शब्द डोक्यात घोळतो आहे. दोघांनी "टीचर, लिहा" म्हटलं म्हणून लिहिते. नावं आणि गाव मुद्दाम सांगत नाही.

ती पनवेलकडच्या एका बारमध्ये नाचायची. २००५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन डान्सबार बंद झाले, तेव्हा ती वीस वर्षांची होती. बंदी साध्या बारांना होती. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं ही बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. पण मधल्या सात वर्षांत पोटं थांबत नाहीत. पाऊण लाख बारबाला असा आकडा त्या वेळी सांगितला जायचा. त्या सगळ्या एका कायद्यानं माजी झाल्या, पण त्यांच्यासाठी कुठलं कल्याण कार्यालय उघडलं नाही. ही शिवण शिकली, हप्त्यावर मशीन घेतली आणि आमच्या गल्लीत ब्लाउज, पंजाबी ड्रेस शिवायला बसली.

तो फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. पहिली बायको आजारपणात गेली, मुलगी सासरी. एका बँकेच्या एटीएमवर रात्रीचा पहारा करायचा. गार्डच्या वर्दीची पँट कमरेत सैल करून घ्यायला तो तिच्याकडे गेला. मग शर्ट घेऊन गेला. पुढचं ती हसत सांगते, "टीचर, चांगली बटणं तोडून आणायला लागले हो हे!"

पण बटणं हे निमित्त. जुळलं ते रात्रीमुळे. याला सरहद्दीवरच्या पहाऱ्यानं रात्री झोप नाही, तिला बारच्या दिवसांपासून पहाटेपर्यंत झोप नाही. दोन वाजता हा एटीएमसमोर स्टुलावर, ती मशीनवर, फोन चालू. बोलणं काय, तर गुडघे. त्याचे डोंगर चढून गेलेले, तिचे फरशीवर नाचून. कोणतं मलम बरं, यावर चाळिशीतल्या माणसांचं प्रेम बसू शकतं, हे मला त्यांच्याकडून कळलं.

दोघांनीही अठराव्या वर्षी घर सोडलं. दोघांनीही शरीर झिजवून घरी पैसे पाठवले. त्याच्या पैशात भाऊ शिकला, तिच्या पैशात दोन बहिणींची लग्नं झाली. निकाहच्या दिवशी त्याच्या भावानं ही गोष्ट भरल्या मंडपात अभिमानानं सांगितली. तिच्या बहिणी मात्र आल्या नाहीत. सासरच्या माणसांना काय सांगायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

'पाकीजा' (१९७२) आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यात सलीम साहिबजानला निकाहसाठी घेऊन जातो. नाव विचारलं जातं तेव्हा तोच तिचं नवं नाव सांगतो, 'पाकीजा', म्हणजे पवित्र. आणि ती तिथून पळून जाते. लहानपणी मला तिचा राग यायचा. आता वाटतं, प्रेम करणाऱ्यालाही तिला आधी धुऊन घ्यावंसं वाटलं. ते ओझं तिला पेलवलं नसेल.

आमच्या हवालदारांनी नाव बदललं नाही. जमातीतल्या एका बुजुर्गांनी हळूच विचारलं, "बाई आधी काय करायची, माहीत आहे ना?" ते म्हणाले, "चाचा, मी आधी काय करायचो हे कुणी विचारलं नाही. हुकूम झाला की गोळी चालवायचो. माझा हिशेब मी अल्लाहसमोर देईन, तिचा ती देईल. निकाहनाम्यात याचा रकाना आहे का?"

रकाना नसतोच. नावं असतात, वडिलांची नावं, वय, मेहेर, वकील, गवाह. शरियतनं बाईकडून एकच गोष्ट मागितली आहे, तिची रजामंदी. मी आत बायकांमध्ये बसले होते. वकील आणि गवाह आले, तिचं आधारवरचंच नाव घेऊन विचारलं. तिनं "कबूल" इतक्या मोठ्यानं म्हटलं की म्हाताऱ्या बायका दचकल्या. नवरीनं कसं हळू बोलावं!

नंतर एकीनं तिला समजावलं, "आता तौबा कर, सगळं माफ होतं." ती म्हणाली, "तौबा मी रोज करते, खाला. पण माझ्यावर नोटा उडवणारे पण कुठल्या तरी मोहल्ल्यातलेच होते. त्यांना कुणी सांगितलं का?"

खालांनी उत्तर दिलं नाही. मलाही सुचलं नाही. तौबा केलेला माणूस गुनाह न केल्यासारखा, हे आपण जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकतो. पुरुषाच्या बाबतीत लगेच मानतोही. हजहून आला की कालचं सगळं विसरून त्याला 'हाजीसाहेब' म्हणतो. बाईच्या बाबतीत अल्लाह माफ करतो आणि गल्ली फाइल उघडी ठेवते.

आज त्यांच्या दारावर पाटी आहे. त्याच्या नावाखाली 'माजी सैनिक', तिच्या नावाखाली 'लेडीज टेलर'. मुली माप द्यायला जातात, काही घरांतून अजून जाऊ देत नाहीत. ज्या घरांतून जाऊ देत नाहीत, त्यांना मला एवढंच सांगायचंय: ईद जवळ आली आहे, आणि तिच्याइतकी साफ शिवण आपल्या गल्लीत कुणाची नाही.