तिसरा पाय

सप्टेंबर, रविवार रात्र

गुडघ्यांनी पहिली तक्रार केली ती वासोट्याच्या उतारावर. चढताना दम लागतो, हिशेब मात्र उतरताना द्यावा लागतो. तेव्हा ही घडीची काठी घेतली आणि मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर तिची सवय केली. सपाटीवर कोपर काटकोनात राहील एवढी उंची, चढाला थोडी आखूड, उताराला थोडी लांब. मुठीवरचं बोंडूक काढलं की खाली पाव इंची स्क्रू. त्यावर कॅमेरा बसवला की झाला मोनोपॉड.

आज कासच्या पठारावर ढग उतरले होते, उजेड बेताचा. तिथे तिपाई उघडायची म्हणजे तिच्या तीन पायांखाली काय चिरडेल कोण जाणे. काठीला वाटेवरची बोटभर जागा पुरते. टोकाला रबरी बूच, माझे दोन पाय फाकवलेले, श्वास रोखलेला. पण सीतेची आसवं ही फुलं वाऱ्यावर डुलतच राहिली. काठी हात थांबवते, वारा नाही. मग मीच थांबलो.

परतताना सज्जनगडावर समर्थांची कुबडी पाहिली, पोटात गुप्ती दडवलेली. म्हणजे एका काठीत दोन कामं ही युक्ती काही आजची नव्हे.

आणि आटपाडीकडचे धनगर? काठीवर हनुवटी टेकवून तासन्‌तास मेंढरं न्याहाळतात. स्थिर नजर त्यांच्याकडून शिकावी. त्यांना कॅमेराही लागत नाही.