कुंभारकावळा आणि पावशा

कारखान्यांच्या गावात निसर्गाची पुस्तके वाचायला माणसे जमतात असे सांगितले, की पुण्यातले माझे स्नेही गालातल्या गालात हसतात. पिंपरी-चिंचवड म्हणजे त्यांच्या लेखी भोंगा, धूर आणि पाळी. त्यांचेही खोटे नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, आणि आज यंत्रांची घरघर चाकणच्याही पुढे गेली आहे. पण चिंचवडच्या नावातच चिंच आहे, वड आहे, त्याचे काय?

आमच्या सार्वजनिक वाचनालयात महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दहा-बारा प्रौढ मंडळी जमतो. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) आम्हांला फार सोयीचे पडले. चैत्र-वैशाख असे महिन्यांच्या क्रमाने त्यातले लेख आहेत. ज्या महिन्याचा लेख, तो त्याच महिन्यात वाचायचा. मी शाळामास्तर, म्हणून वाचन माझ्याकडे असते. शिकवण्याचे काम मात्र इतर मंडळी करतात.

एकदा गप्पांत भारद्वाज निघाला. निवृत्त टर्नरकाका चष्मा वर सारून म्हणाले, "भारद्वाज हे त्याचं कागदावरचं नाव, गुरुजी. आमच्याकडे तो कुंभारकावळा!" मंडळी मनमुराद हसली. मग ज्याने-त्याने आपापल्या गावची नावे काढली. एरवी चकार शब्द न बोलणारा, चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा मराठवाड्याचा एक तरुणही हळूच म्हणाला, "पावशा इथंही ओरडतो, गुरुजी. पाळी सुटली की पहाटे ऐकू येतो. 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणतो. पण पेरायला आता शेत राहिलं नाही."

त्यावर कोणीच काही बोलले नाही. पुस्तक मिटून मीही गप्प बसलो.

शेत गेले, तरी पावशाची हाक त्याच्या कानांत शाबूत आहे. त्याच्या मुलाला ती नुसता आवाज म्हणून ऐकू येईल. मारुती चितमपल्लींनी उभी हयात रानात काढली आणि रानातल्या माणसांकडून पाखरांची, झाडांची नावे वेचली. जून २०२५ मध्ये ते गेले. ती नावे पुस्तकांत राहिली, हे आपले भाग्य. आमच्या टर्नरकाकांची नावे कोण लिहून ठेवणार?

म्हणून त्या रविवारपासून आम्ही एक दोनशे पानी वही घातली आहे. नाव, त्याचा अर्थ आणि ते कोणत्या गावाहून आले, एवढेच तीत लिहितो. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. २०२० पासून हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. यंदा त्या आठवड्यात आम्ही ही वही मोठ्याने वाचणार आहोत.

वाचकहो, फराळाला घरची वडीलधारी मंडळी एकत्र बसतील, तेव्हा त्यांना सहज विचारा, तुमच्या गावी भारद्वाजाला काय म्हणतात? चिवडा संपेल, पण गप्पा संपायच्या नाहीत. आणि जमले तर एक वही जवळ ठेवा.